चित्रातलं कपाळ

विंचूर सोडून येवल्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक कच्ची वाट फुटते. त्या वाटेने अर्धा कोस आत गेलं की सगुणाबाईचा मळा. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यासमोर कांद्याची चाळ आणि एक म्हैस. माणूस म्हणाल तर ती एकटीच. मुलगा संतोष नाशिकला कंपनीत सुपरवायझर, तिथल्या द्वारका चौकाजवळ फ्लॅट घेऊन राहतो. सून आणि नात निकिता तिथेच. दर दिवाळीला तो म्हणायचा, "आई, चल तिकडं." आणि दर दिवाळीला ती म्हणायची, "मी तिकडं आले आन् इकडं ते आले, तर दार कोण उघडंल?"

'ते' म्हणजे तिचा नवरा, कारभारी. एकोणीस वर्षांपूर्वी नाशिकला जातो म्हणून घरातून निघाला, तो आजतागायत परतला नाही. गावातल्या एकाने त्याला द्वारकेला एसटीतून उतरताना पाहिलं होतं, पुढे ठावठिकाणा नाही. पोलिसांत नोंद झाली, देवस्थानं पालथी घालून झाली. उत्तरेला पाण्याजवळ आहे, असं एका ज्योतिष्याने छातीठोकपणे सांगितलं. आता उत्तरेला पाणी काय थोडं आहे! पण सांगणाऱ्याचं काय जातं?

तो का गेला, हे सगुणाबाईला माहीत होतं. निदान तिला तसं वाटायचं. त्या सकाळी त्याने दुसऱ्यांदा चहा मागितला आणि त्यावरून दोघांत वाजलं. भांडण म्हणावं इतकंही ते नव्हतं. कारभारी पिशवी घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "येतो गं." दारातून निघालेल्या माणसाला आपल्यात 'या' म्हणतात, वैऱ्यालासुद्धा कोणी 'जा' म्हणत नाही. सगुणाबाई भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "जा एकदाचे."

हे तिने एकोणीस वर्षांत कोणाला सांगितलं नाही. पोलिसांना नाही, मुलाला नाही, ज्योतिष्याला तर नाहीच. पण एक गोष्ट तिने मनाशी पक्की धरली होती, की माणूस मेलेला नाही, रुसलेला आहे. मेलेला परत येत नाही, रुसलेला येतो. म्हणून ती रोज सकाळी न्हाऊन, कपाळाला मेण लावून, त्यावर चांगलं आठ आण्याएवढं कुंकू रेखायची. हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात काळी पोत. वटसावित्रीला वडाला सूत गुंडाळायलाही जायची, आणि बाकीच्या सवाष्णी जरा बाजूला सरकून तिला जागा करून द्यायच्या. त्या सरकण्यात काय होतं ते तिला कळत नव्हतं असं नाही.

बारा वर्षं उलटली तेव्हा भावकीत कुजबूज सुरू झाली. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, मुलाने त्याला अग्नी द्यायचा, दहावं-तेरावं उरकायचं आणि बायकोने कुंकू उतरवायचं, अशी रीत आहे. सगुणाबाईने एकदाच सांगितलं, "ज्याला पुतळा जाळायचाय त्यानं आधी मला त्याच्याशेजारी निजवावं." पुढे सात वर्षं कोणी तोंड उघडलं नाही.

यंदा मात्र निकिताचं लग्न ठरलं. पाहुणे संगमनेरचे, माणसं चांगली. पत्रिका छापायची वेळ आली आणि संतोष अडला. आजोबांच्या नावामागे 'कै.' लावायचं की 'श्री.'? व्याही दोनदा विचारून गेले. संतोष मळ्यात आला, जेवला, पाणी प्यायला, म्हशीची चौकशी केली आणि काही न बोलता परत गेला. सगुणाबाईने ओळखलं. 

ह्या सगळ्यात तो चित्रकार पोरगा आला. रविराज त्याचं नाव. नाशिकला चित्रकला शिकत होता, मोटरसायकलवर चित्र टेकवायचा लाकडी घोडा बांधून गावोगाव हिंडत होता. पाणी प्यायला ओट्यावर बसला आणि सगुणाबाईकडे बघतच राहिला.

"आजी, तुमचं चित्र काढू का?"

"माझं कशापायी? मानूस गेल्यावर भिंतीला चित्र लावत्यात."

"भिंतीला नाही, प्रदर्शनात लागेल. नाशिकला मोठं प्रदर्शन आहे."

"तिढं कोण येतं?"

"सगळेच येतात. नाशिकचे, मुंबईचे, कुठले कुठले. आवडलं तर पेपरातही छापून येतं."

सगुणाबाईने हातातला तांब्या खाली ठेवला. एकोणीस वर्षं तिला एकच अडचण होती. निरोप धाडायचा तर पत्ता नव्हता, आणि पत्ता असता तरी तिला लिहिता येत नव्हतं. आता हा पोरगा आपण होऊन म्हणत होता की तुझं तोंड गावोगाव नेतो. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी टपरीवर तो पेपर कारभारीच्या हातात पडेल. तो बघेल. कुंकू बघेल, बांगड्या बघेल. मग त्याला समजेल की ही बाई अजून आपल्या नावाने बसली आहे, हिने तेव्हा जे म्हटलं ते मनापासून म्हटलं नव्हतं. एवढं समजलं की तो येईल.

"काढ," ती म्हणाली. "पर रविवारी ये. मी नीट आवरून बसते."

चार रविवार ती बसली. रविराजला ती कामाच्या लुगड्यातच हवी होती, तिने ऐकलं नाही. हिरवं ठेवणीतलं नेसली. कुंकू रोजच्यापेक्षा मोठं लावलं. ओट्याच्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून ती बसायची, कारण वाट तिकडून होती. रविराजला वाटलं, काय हे शून्यात बघणं! शून्य कुठलं आलंय? ती वळणावरच्या बाभळीपाशी बघत होती, एसटीचा माणूस तिथूनच आत वळतो. पण तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. आपल्या लोकांचं असंच असतं, महत्त्वाचं तेवढं पोटात आणि चहाच्या साखरेची चौकशी दहा वेळा. चौथ्या रविवारी त्याने चित्र दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं.

"चांगलं झालंय. कुंकू जरा बारीक वाटतंय."

त्याने हसून कुंकू मोठं केलं. चित्र कापडात गुंडाळून तो गेला, आणि त्या दिवसापासून सगुणाबाईने वाटेकडच्या खोलीची कडी आतून लावणं सोडून दिलं.

महिनाभराने, एका गुरुवारी सकाळी, ती चाळीपुढे कांदा निवडत बसली होती. धुरळा उडत होता म्हणून डोक्याचं फडकं भुवयांपर्यंत ओढलेलं. तेवढ्यात वाटेवरून रडण्याचा आवाज आला. गावातल्या दहा-बारा बायका, पदर डोक्यावरून घेतलेल्या, एकीच्या डोईवर टोपलं. पुढची म्हातारी आली आणि सगुणाबाईच्या गळ्यात पडून तिने हंबरडा फोडला, "कसं झालं गं माझे बाई!"

आता आपल्याकडे पद्धत अशी, की रडणारी बाई गळ्यात पडली की आधी रडायचं आणि मग विचारायचं, कोण गेलं. थांबून चौकशी करणं म्हणजे माणुसकी सोडणं. त्यांच्या घरचं कोणीतरी गेलं असेल, वाटेत आपला मळा लागला म्हणून त्या थांबल्या असतील, असं सगुणाबाईला वाटलं. तिने म्हातारीला मिठी मारली आणि मोकळं रडून घेतलं. बायका फेर धरून बसल्या. एकीने सूर धरला, दुसरीने ओढला. पाच-दहा मिनिटं अशी गेली. मग नाक पुसत सगुणाबाई म्हणाली, "पर कोन गेलं गं?"

सूर मधेच तुटला.

शेजारच्या मळ्यातली मीना तेवढी शिकलेली. तिने पुढे होऊन मोबाइल दाखवला. पेपरातलं कात्रण होतं, गावाच्या ग्रुपवर सकाळीच कोणीतरी टाकलेलं. प्रदर्शनात पहिला क्रमांक मिळालेलं चित्र, खाली नाव: 'एकटी'. ओटा तोच, लुगडं तेच, तोंड सगुणाबाईचं. पण कपाळ मोकळं होतं. गळ्यात पोत नव्हती. मनगटं रिकामी.

"आमाला वाटलं, काकू, काकांची खबर आली आन् तुमी कुंकू उतरवलं," मीना म्हणाली. "नायतर असा फोटो कोन काढू देईल?"

सगुणाबाईने डोक्याचं फडकं मागे सारलं. कपाळावर कुंकू होतं, घामाने जरा ओघळलेलं. बायकांनी ते बघितलं आणि मान खाली घातली. टोपल्यात पिठलं-भाकरी होती. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आणलेली. ती ठेवावी की परत न्यावी हे कोणाला कळेना. शेवटी ओट्यावर ठेवून त्या गेल्या. जाताना कोणीही 'येते' म्हणालं नाही. दुखवट्याच्या घरातून निघताना तसं म्हणत नाहीत.

दुपारी येवल्याकडून भाऊ चंदर आला. पिशवीत पांढरं लुगडं. विधवा झालेल्या बहिणीला माहेरचं लुगडं न्यावं लागतं, पेपरातलं चित्र बघून बिचारा एसटी पकडून धावत आला होता. बहिणीच्या कपाळावर कुंकू बघून तो दारातच थबकला. सगळं ऐकून घेतल्यावर तो खाटेवर बसला आणि म्हणाला, "आक्का, चूक झाली खरी. पर आता बग. गाव रडून गेलं. सुतकाची भाकर घरात आली. दुखवट्याचं लुगडं उंबरा वलांडून आत आलं, ते माघारी कसं न्यायचं? आन् तू सोता रडली, आक्का. नवऱ्याच्या नावानं बायका रडत व्हत्या, त्यात तूबी रडली."

"मला ठाव नव्हतं रं, कोन गेलं ते!"

"ठाव नसंना. रडली तर खरी."

ह्याला काय उत्तर द्यायचं? वकील असता तरी गप्प बसला असता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. निरोप धाडायला ओट्यावर बसली आणि स्वतःच्या तोंडाने नवऱ्याला रडून मोकळी झाली.

शनिवारी संतोष आला. तो वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बाप गेला तेव्हा द्वारकेच्या चौकात सहा महिने दर रविवारी तो फोटो घेऊन उभा राहिलेला आहे. पण माणूस थकतो. तो आईच्या पायापाशी बसला आणि म्हणाला, "आई, आता राहिलं काय? करून टाकू. मी गंगेवरच्या गुरुजींना विचारलंय. आणि आबा आलेच ना, तर त्यालाही शास्त्रात सोय आहे. त्यांचं पुन्हा बारसं करायचं, आणि तुझं-त्यांचं पुन्हा लग्न."

"पंच्याहत्तरीचा नवरदेव," सगुणाबाई म्हणाली. क्षणभर मायलेक दोघंही हसली. मग तिला एकदम रडू फुटलं आणि ते काही केल्या थांबेना. संतोष नुसता पाठीवर हात ठेवून बसला.

"आधी मला ते चित्र दाखीव," ती शेवटी म्हणाली. "मग काय म्हनशील ते."

रविवारी त्याने तिला नाशिकला नेलं. हॉलमध्ये थंडगार हवा, पॉलिश केलेली फरशी, माणसं कुजबुजत हिंडणारी. चित्राखाली पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी लावलेली. चित्र मोबाइलवर दिसत होतं त्याहून मोठं होतं, आणि त्यातली बाई अगदी खरी. सगुणाबाई समोर उभी राहिली. तिला पहिल्यांदाच दिसलं, कुंकू नसलं की आपण कशा दिसू ते. ती खाली फरशीवर बसू लागली. संतोषने खुर्ची आणली.

रविराज धावत आला. त्याला वाटलं, आजी कौतुकाला आली. तिने एकच विचारलं, "कुंकू कुढं गेलं रं?"

पोरगा पांढरा पडला. त्याने खरं ते सांगितलं. चित्र सरांना दाखवलं. सर म्हणाले, सगळं चित्र मंद रंगांत आणि मधेच हा लाल ठिपका. डोळा तिथेच अडकतो. बाई एकटी दाखवायची आहे ना? मग हे कशाला? त्यालाही ते पटलं. कुंकवावर कातडीच्या रंगाचे दोन हात दिले. नंतर पोत, बांगड्या. "मला वाटलं, आजी, नुसता रंग आहे," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुम्ही राहत होता एकट्याच. मला वाटलं, आजोबा नसतीलच."

"माझा बाप हरवलाय," संतोष म्हणाला. "मेला नाही."

सगुणाबाईने चमकून मुलाकडे बघितलं. संतोषलाही आपण काय बोललो ते मागाहून कळलं असावं. तो दुसरीकडे बघू लागला.

रविराज बाहेर गेला आणि रंगाची पेटी घेऊन आला. हॉलच्या माणसाने हरकत घेतली, बक्षीस मिळालेल्या चित्राला हात लावता येत नाही म्हणाला. रविराजने त्याचं ऐकलं नाही. चित्र भिंतीवरून उतरवून दुसऱ्या खुर्चीवर टेकवलं, लाल रंग घेतला, आणि आजीच्या कपाळाकडे बघत बघत चित्रातल्या कपाळावर कुंकू रेखलं. दोन मिनिटांचं काम. आठ आण्याएवढं, बरोबर मध्यावर. लोक गोळा झाले होते.

"झालं, आजी," तो म्हणाला. "बघा, आता चालेल ना?"

"लई ब्येस झालं," ती म्हणाली. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "ह्या चित्रात लावलं, बाबा. पेपरात कोन लावनार?"

तो कुंचला पुसू लागला.

"कुढं कुढं गेला आसंल तो पेपर?"

"सगळीकडे गेला, आजी. महाराष्ट्रभर. मोबाइलवरून तर कुठल्या कुठे." हे त्याने तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगावं हे त्याला सुचत नव्हतं.

ह्याच उत्तरासाठी ती चार रविवार बसली होती. सगळीकडे गेला. म्हणजे तो जिथे असेल तिथेही गेला. पारावर, देवळात, टपरीवर, कुठेतरी त्याने तो उघडला असेल आणि बायकोचं मोकळं कपाळ बघितलं असेल. हिने मला मेलं धरलं, हिने कुंकूसुद्धा पुसलं. एकदा तोंडाने 'जा' म्हणाली होती, आता सगळ्या मुलखाला ओरडून सांगितलं. मग रुसलेला माणूस कशाला परत येतो? तो जिवंत आहे ह्याची तिला अजूनही तेवढीच खात्री होती. फक्त तो आता येणार नाही, ह्याचीही झाली.

परतीच्या वाटेवर, गाडी द्वारकेच्या सिग्नलला थांबली तेव्हा ती म्हणाली, "संतोष, बोलीव भटाला."

त्याने तिच्याकडे बघितलं. "आई, घाई नाही. राहू दे हवं तर."

"नको. त्यांना लई दिस दारात उभं केलं मी. लेकराचं लगीन हाय. कर."

विधी नाशिकला गंगेवर झाला, गोदावरीच्या एका बाजूच्या घाटावर, सकाळी नऊच्या सुमाराला. बायकांनी यायचं नसतं, पण ती आली. भावकीतले चारजण, चंदर, संतोष. गुरुजींनी दर्भ आणि पळसाची पानं मांडायला घेतली. हात, पाय, छाती. डोक्याच्या जागी नारळ. त्यांचे हात सराईत होते, मधेच त्यांनी फोनवर कोणाला तरी अकराची वेळ दिली. पुतळा पुरा झाला तशी सगुणाबाई जवळ जाऊन उभी राहिली.

"आखूड झालाय," ती म्हणाली. "ते उंच व्हते. खाटेच्या बाहीर पाय यायचे त्यांचे."

"पानं मोजून असतात, आजी," गुरुजी समजुतीने म्हणाले. "माणूस कितीही उंच असो, शास्त्रात पानं तेवढीच."

ती मागे सरकली. संतोषने अग्नी लावला. पानं ताजी होती, आदल्या दिवशीच तोडलेली. नुसता धूर झाला. त्याने पुन्हा लावला. पुन्हा धूर. तिसऱ्यांदाही तेच. चंदर इकडेतिकडे सुकं गवत शोधू लागला, गुरुजी तूप शोधू लागले.

सगुणाबाईने साठ वर्षं चूल पेटवली होती. ओलं जळण आणि धुमसणारा धूर दिसला की तिचं डोकं विचार करत नाही, अंग करतं. ती पुढे झाली, पदर खोचला, गुडघ्यावर बसली, खाली वाकली आणि पानांच्या फटीत दोन लांब फुंकरी घातल्या. जाळ एकदम उसळला.

"पेटलं, आई," संतोष म्हणाला, सुटल्यासारखा.

ती तशीच वाकून राहिली. आपण काय केलं हे तिला तेव्हा कळलं. तिने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले, आता आणखी काही ह्या तोंडातून बाहेर पडायला नको म्हणून. पुतळा नारळासकट पेटला होता. मागे भावकीतली एक म्हातारी, कुंकू पुसायला म्हणून आणलेली, ओलं फडकं हातात घेऊन उभी होती. तिला बराच वेळ थांबावं लागलं.